लग्नाच्या व्हिडिओचं कलर करेक्शन: डाविंची रिझॉल्व्हमध्ये कोणतं काम आधी, कोणतं नंतर

नवरी मंडपात उभी आहे आणि तिचा चेहरा नारिंगी दिसतोय. पुढच्याच कटला, दुसऱ्या कॅमेऱ्यातून, तीच नवरी हिरवट. अशा वेळी बरेच एडिटर इंटरनेटवरून उतरवलेली एखादी ‘सिनेमॅटिक’ एलयूटी (रंग ठरावीक पद्धतीने बदलणारी तयार फाइल) पहिल्या क्लिपवर टाकतात. त्याने चेहरा लाल होतो म्हणून टेम्परेचर खाली ओढतात, मग रंग फिके वाटतात म्हणून सॅच्युरेशन वाढवतात, आणि शेवटी हीच सेटिंग्ज उरलेल्या सगळ्या क्लिपांवर चिकटवतात. साधनं सगळी ठीक आहेत, पण क्रम पूर्ण उलटा आहे. आधी उजेड, मग पांढरा रंग, मग क्लिपांची आपापसातली जुळवणी, मग चेहरा, आणि सगळ्यात शेवटी लुक, म्हणजे पूर्ण फिल्मला द्यायची रंगांची शैली. यातली एक पायरी वरखाली झाली की पुढची प्रत्येक पायरी मागची चूक झाकण्यात जाते.

इथले सगळे टप्पे डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग आणि कलर सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत करता येतात. उदाहरण लग्नाचं घेतलंय, कारण रंगांच्या बहुतेक अडचणी तिथे एकाच दिवसात भेटतात: सकाळची हळद उन्हात, दुपारचं लग्न हॉलच्या मिश्र उजेडात, रात्रीचं रिसेप्शन जांभळ्या एलईडीखाली, आणि कॅमेरे दोन किंवा तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे.

## १. खोली आणि मॉनिटर

हा टप्पा जवळपास सगळेच गाळतात. विंडोजमधला नाइट लाइट, मॅकमधला ट्रू टोन, मॉनिटरचा स्वतःचा ‘आय केअर’ मोड, हे सगळं बंद करा. पडदा पिवळा असेल तर तुम्ही नकळत क्लिप निळी करणार. मॉनिटरच्या मेनूत ‘व्हिव्हिड’ किंवा ‘गेम’ असा मोड चालू असेल तर तो बदलून रेक-७०९ (एचडी व्हिडिओच्या रंगांचं प्रमाण) किंवा एसआरजीबी (कॉम्प्युटरच्या पडद्याचं प्रमाण) निवडा. रंगतापमान ६५०० केल्विन ठेवा. अंधाऱ्या खोलीत १०० निट्सच्या आसपासचा उजेड आणि २.४ गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसतात याचं माप) हे एसडीआर, म्हणजे एचडीआर नसलेल्या नेहमीच्या व्हिडिओच्या कामाचं प्रमाण आहे. ट्यूबलाइट लावलेल्या साध्या ऑफिसात २.२ गॅमा जास्त सोयीचा पडतो.

मॉनिटरच्या मागची भिंत गुलाबी किंवा भगवी असेल तर डोळा फसतो. भिंत रंगवणं शक्य नसेल तर निदान करडं कापड लावा. खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड तासातासाला बदलतो, म्हणून पडदा ओढा.

इशारा: सलग काम करताना डोळा पडद्यावरच्या रंगछटेला सरावतो आणि तीच छटा ‘बरोबर’ वाटू लागते. अर्ध्या तासाने उठून पाच मिनिटं लांब बघा. परत आल्यावर पहिल्या दोन सेकंदांत जे खटकतं ते बहुधा खरं असतं.

## २. फुटेजची छाननी आणि प्रोजेक्ट सेटिंग

कटिंग पूर्ण झाल्याशिवाय रंगाला हात लावू नका. क्लायंटने ‘मामांचा शॉट घाला’ म्हटलं की नव्या क्लिपसाठी सगळी जुळवणी पुन्हा करावी लागते.

एडिटिंगसाठी प्रॉक्सी (मूळ फाइलच्या हलक्या प्रती) वापरल्या असतील तर प्लेबॅक मेनूतल्या प्रॉक्सी हँडलिंगमध्ये जाऊन मूळ कॅमेरा फाइल्स निवडा. प्रॉक्सीवर केलेली रंगदुरुस्ती मूळ फाइलवर तंतोतंत तशी दिसेलच असं नाही.

प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये कलर मॅनेजमेंट उघडा. कलर सायन्स ‘डाविंची वायआरजीबी’, टाइमलाइन कलर स्पेस ‘रेक-७०९ गॅमा २.४’ आणि आउटपुट ‘सेम अ‍ॅज टाइमलाइन’ ठेवा.

आता प्रत्येक कॅमेऱ्याची एकेक क्लिप उघडून तीन गोष्टी कागदावर लिहा. क्लिप लॉगमध्ये (उजेडाचा मोठा पल्ला मावावा म्हणून केलेली फिकट नोंदणी) आहे की साधी? ८ बिट आहे की १० बिट? व्हाइट बॅलन्स लॉक होता की ऑटोवर? ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १० बिटमध्ये १०२४. म्हणून ८ बिट लॉग क्लिप जोरात ताणली की आभाळात आणि गुळगुळीत भिंतींवर पट्टे उमटतात. ते नंतर फिल्टरने पूर्णपणे घालवणं अवघड असतं. अशा क्लिपला हलकाच हात लावायचा, हे आताच ठरवून टाका.

लॉग क्लिप फिकट आणि धुरकट दिसते, पण डोळ्यावर विसंबू नका. सोनीच्या एस-लॉग-३ मध्ये काळा रंग १०२३ पैकी ९५ च्या आसपास असतो, मधला करडा ४२० ला आणि पांढरा कागद ५९८ ला. स्कोपमध्ये, म्हणजे चित्रातला उजेड आणि रंग मोजून दाखवणाऱ्या आलेखात, सगळं असं मधेच दबलेलं दिसलं तर क्लिप लॉग आहे.

तपासा: एखाद्या कॅमेऱ्याच्याच क्लिपांमध्ये काळं अजिबात काळं होत नसेल किंवा सावल्या पार बुजलेल्या असतील, तर क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये जाऊन डेटा लेव्हल ‘ऑटो’, ‘व्हिडिओ’ आणि ‘फुल’ यांत बदलून बघा. लेव्हलची चूक काँट्रास्टच्या चाकाने सुधारत बसू नका.

## ३. स्कोप लावा आणि वाचायला शिका

कलर पेजवर स्कोपची चार खणांची मांडणी निवडा. त्यातले दोन रोज लागतात: परेड आणि व्हेक्टरस्कोप.

परेडमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन आलेख शेजारी शेजारी दिसतात. खाली ० म्हणजे पूर्ण काळं, वर १०२३ म्हणजे पूर्ण पांढरं. आलेखाचा डावा भाग म्हणजे चित्राचा डावा भाग, त्यामुळे डावीकडे उभे असलेले गुरुजी परेडमध्येही डावीकडेच सापडतात. व्हेक्टरस्कोपमध्ये मध्यापासूनचं अंतर म्हणजे रंगाची तीव्रता (सॅच्युरेशन) आणि दिशा म्हणजे रंग कोणता ते. त्याच्या सेटिंगमध्ये ‘शो स्किन टोन इंडिकेटर’ चालू करा. लाल आणि पिवळ्याच्या मधून जाणारी रेषा दिसेल.

आणखी दोन सोयी चालू करून ठेवा. स्कोपच्या मेनूत ‘डिस्प्ले क्वालिफायर फोकस’ असतं. ते चालू असताना चित्रावर जिथे कर्सर न्याल तो ठिपका स्कोपमध्येही दिसतो. आणि क्वालिफायर (ठरावीक रंगाचा भाग निवडणारं साधन) उघडा असताना चित्रावर उजवी क्लिक करून ‘शो पिकर आरजीबी व्हॅल्यू’ निवडलं की कर्सरखालच्या बिंदूचे तिन्ही आकडे मिळतात. पुढच्या टप्प्यांत हे आकडे सारखे लागणार आहेत.

## ४. नोडची रांग आधी मांडा

नोड म्हणजे रंगदुरुस्तीचा एक स्वतंत्र थर. एकाच नोडमध्ये सगळं करणं ही सर्वांत महागडी चूक. तीन दिवसांनी क्लायंट म्हणतो, चेहरा जरा कमी लाल करा. तो लालपणा व्हाइट बॅलन्समधून आला की लुकमधून, हे मग तुम्हालाच कळत नाही.

ऑल्ट-एस दाबून एकामागे एक नोड जोडा आणि उजवी क्लिक करून प्रत्येकाला नाव द्या:

1. उजेड
2. बॅलन्स
3. सॅच्युरेशन
4. चेहरा
5. निवडक रंग

लॉग क्लिप असेल तर रेक-७०९ मध्ये आणणारा ‘कलर स्पेस ट्रान्सफॉर्म’ हा इफेक्ट उजेड आणि बॅलन्सच्या नंतर लावा. त्या कॅमेऱ्याच्या सगळ्या क्लिप निवडून नवा ग्रुप बनवला आणि हा इफेक्ट ‘ग्रुप पोस्ट-क्लिप’मध्ये टाकला, की एकदाच लावून काम भागतं. सोनीसाठी इनपुट कलर स्पेस ‘एस-गॅमट-३ सिने’, इनपुट गॅमा ‘एस-लॉग-३’, आउटपुट ‘रेक-७०९’ आणि ‘गॅमा २.४’. कॅमेऱ्यात नेमकं कोणतं गॅमट (रंगांचा पल्ला) निवडलं होतं ते शूट करणाऱ्याला विचारा. साधं ‘एस-गॅमट-३’ आणि ‘सिने’ यांची अदलाबदल झाली तर रंग थोडेसेच चुकतात, आणि थोडंसं चुकलेलं लवकर लक्षात येत नाही.

उजेडाचा नोड आधी का? रिझॉल्व्हमध्ये एका नोडमधून दुसऱ्यात जाताना १०२३ च्या वर गेलेली माहिती टिकून असते. एलयूटी मात्र साधारणपणे आपल्या मर्यादेबाहेरचं सगळं कापते. एलयूटीच्या नंतरच्या नोडमध्ये गेन (उजळ भागांचं चाक) कमी केला तर ढग परत येत नाहीत, नुसता पांढरा डाग करडा होतो. तोच बदल आधीच्या नोडमध्ये केला तर ढग दिसू लागतात, अर्थात कॅमेऱ्याने ते टिपले असतील तर.

दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही हे लागू आहे. प्रीमिअरच्या लुमेट्री या रंगदुरुस्तीच्या इफेक्टमध्ये बेसिक करेक्शनमधली इनपुट एलयूटी तिथल्याच स्लायडरच्या आधी लागू होते. म्हणून दोन लुमेट्री लावा: वरच्यात दुरुस्ती, खालच्यात एलयूटी. केडेनलाइव्हमध्ये इफेक्टची रांग वरून खाली चालते, तेव्हा पांढऱ्याची दुरुस्ती लुकच्या वर ठेवा.

## ५. उजेड आणि काँट्रास्ट

या टप्प्यात रंगाकडे दुर्लक्ष करा. जमत नसेल तर सॅच्युरेशन तात्पुरतं ० करून चित्र कृष्णधवल बघा.

साध्या क्लिपवर आधी लिफ्टचं (गडद भागांचं) खालचं चाक फिरवून सर्वांत गडद भाग ० च्या किंचित वर आणा. केस किंवा काळा कोट २० ते ४० च्या दरम्यान असला की तपशील टिकतो. मग गेनने उजळ भाग ९५० च्या आत. मग गॅमाने, म्हणजे मधल्या छटांच्या चाकाने, चेहरा. गॅमा हलवला की लिफ्ट आणि गेन थोडे सरकतात, म्हणून तिन्हींची एक फेरी पुन्हा मारा.

लॉग क्लिपवर लिफ्ट-गॅमा-गेन वापरू नका. तिथे ऑफसेट (पूर्ण चित्र एकत्र वरखाली करणारं चाक) वापरा. लॉगमध्ये ऑफसेट वरखाली करणं कॅमेऱ्याचं एक्स्पोजर बदलण्यासारखं वागतं. मात्र स्कोप ट्रान्सफॉर्मनंतरचं चित्र दाखवतोय याची खात्री करून घ्या.

जरीचा काठ, समईची ज्योत, दागिन्यांवरची चमक १०२३ ला टेकली तरी चालेल. त्या चमकेला वाचवायला गेनने पूर्ण चित्र खाली ओढलं तर मंडप संध्याकाळचा वाटू लागतो. पांढरं कापड किंवा कपाळ मात्र टेकता कामा नये.

इशारा: चेहऱ्याचा उजेड कुठे असावा याचे परदेशी ट्यूटोरियलमधले आकडे गोऱ्या त्वचेसाठी असतात. गव्हाळ चेहऱ्याचा उजळ भाग ५०० ते ६५० मध्ये छान बसतो, सावळ्याचा त्याहून खाली. सगळ्यांचे चेहरे एकाच पट्टीत आणले की सावळी माणसं राखाडी दिसतात. ‘जरा गोरं करा’ ही मागणी येणारच. त्यासाठी पूर्ण क्लिपचा गॅमा चढवला तर जरी, फुलं, मागचं तोरण सगळं पांढुरकं होतं. आमचं मत विचाराल तर करू नका. करावंच लागलं तर ते नवव्या टप्प्यात, फक्त चेहऱ्यापुरतं.

तपासा: कंट्रोल-डी दाबून नोड बंद-चालू करा. चालू केल्यावर चित्र नुसतं ‘भडक’ वाटत असेल तर काँट्रास्ट जास्त झाला.

## ६. व्हाइट बॅलन्स

सगळ्यात जास्त गडबड इथे होते.

### पांढरं काय धरायचं

परेडमध्ये तिन्ही आलेख समान करायचे, पण फक्त जी वस्तू खरोखर पांढरी किंवा करडी आहे तिच्यापुरते. पूर्ण चित्राचे आलेख समान केले तर पिवळ्या हळदीचा प्रसंग निळा होतो आणि लाल शालूचा प्रसंग शेवाळी. ‘ऑटो बॅलन्स’चं बटण नेमकं इथेच फसतं.

लग्नात सर्वांत भरवशाची पांढरी वस्तू म्हणजे अंतरपाट. तो वधूवरांच्या मधे धरलेला असतो, म्हणजे चेहऱ्यांवर पडणारा उजेडच त्याच्यावर पडतो. कुंकवाचं स्वस्तिक सोडून कापडाच्या कोऱ्या भागावर कर्सर न्या आणि तिन्ही आकडे वाचा. हल्ली भरतकामाचे रंगीत अंतरपाटही असतात, तेव्हा दुसरं काही शोधा: पांढरा शर्ट, स्टीलची भांडी, छापील पत्रिकेचा कागद.

काय धरू नये? मुंडावळ्यांचे मोती पिवळसर असतात. सोवळं क्रीम असतं. हॉलच्या भिंती बहुधा हस्तिदंती. डोळ्यांतला पांढरा भागही पूर्ण पांढरा नसतो. आणि नवं पांढरं सुती कापड भर उन्हात किंचित निळं दिसतं, कारण त्यातली आणि धुण्याच्या पावडरीतली चकाकी आणणारी द्रव्यं उन्हातले अतिनील किरण शोषून निळा उजेड बाहेर टाकतात. लॉनवरच्या दुपारच्या लग्नात म्हणून कापडावरून केलेला बॅलन्स चेहऱ्यावर पडताळून घ्या.

### कृती

1. बॅलन्स नोड निवडा. आधी टेम्परेचर, मग टिंट. टेम्परेचर फक्त निळा-नारिंगी फरक काढतं. एलईडी आणि ट्यूबलाइटचा दोष बहुधा हिरवा असतो, आणि तो टेम्परेचरने कधीच जात नाही. टिंट मजेंटाकडे हळू सरकवा.
2. पांढऱ्या भागाचे तीन आकडे एकमेकांच्या १०-१५ च्या आत आले की थांबा.
3. आता काळे केस किंवा काळा कोट बघा. तिथे एखादा रंग वर राहिला असेल तर साध्या क्लिपवर लिफ्टमधला तेवढाच रंग खाली घ्या. त्याआधी लम मिक्स १०० वरून ० करा. १०० वर असताना एक रंग हलवला की उजेड कायम राखण्यासाठी बाकीचे दोनही सरकतात, आणि तुम्ही गोल गोल फिरत राहता.
4. शेवटी पुन्हा पांढरं तपासा.

### हळदीचा प्रसंग

सगळी फ्रेम पिवळी: कपडे, झेंडू, चेहरा, आणि या सगळ्यावरून परतणारा उजेडही. इथे कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स दर कटला वेगळा भरकटतो. उपाय असा: त्याच जागेची, त्याच कॅमेऱ्याची, हळद लागण्याआधीची क्लिप शोधा, तिचा बॅलन्स करा आणि तोच नोड पुढच्या क्लिपांवर न्या. एकाच शॉटमध्ये बॅलन्स सरकत असेल तर बॅलन्स नोडला दोन-तीन कीफ्रेम (सेटिंग जिथे बदलायची त्या वेळेच्या खुणा) द्या, जास्त नको. हळद लागलेला चेहरा व्हेक्टरस्कोपच्या त्वचारेषेपासून पिवळ्याकडे झुकलेलाच दिसायला हवा. त्याला ओढून रेषेवर आणलं तर हळद गेरूसारखी दिसते.

### मिश्र उजेड

एका गालावर खिडकीचा निळसर उजेड (सुमारे ५६०० केल्विन), दुसऱ्यावर हॅलोजनचा नारिंगी (सुमारे ३२०० केल्विन). दोन्ही एकाच वेळी पांढरे होणार नाहीत. ज्या बाजूने चेहरा जास्त उजळलाय ती बाजू बॅलन्स करा. मागच्या खिडकीचा निळेपणा थोडा राहू द्या. प्रेक्षकाला तो खटकत नाही, निळा गाल मात्र खटकतो.

### जे दुरुस्त होत नाही

रिसेप्शनच्या जांभळ्या एलईडीखाली चेहऱ्याचा लाल आणि निळा आलेख १०२३ ला चिकटलेला आणि हिरवा तळाला असेल, तर तिथे त्वचेची माहितीच नोंदली गेलेली नाही. टिंट कितीही ओढा, राखाडी मेणाचा चेहरा मिळेल. ‘ह्यू व्हर्सस सॅट’ कर्व्हने जांभळा थोडा उतरवा आणि पुढे चला, किंवा दुसऱ्या कॅमेऱ्याचा कट घ्या. चित्रात सरकणारे काळे पट्टे हाही रंगाचा दोष नव्हे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून साध्या दिव्यांखाली १/५० किंवा १/१०० शटर ठेवायला शूटच्या वेळीच सांगा.

## ७. सॅच्युरेशन

रिझॉल्व्हमध्ये मूळ आकडा ५० असतो. बॅलन्स बरोबर झाला असेल तर ४५ ते ६० च्या बाहेर जायची गरज क्वचितच पडते. ७० लागतंय असं वाटलं तर पाचव्या टप्प्यातला काँट्रास्ट पुन्हा बघा.

‘लम व्हर्सस सॅट’ कर्व्हवर डावं टोक, म्हणजे सर्वांत गडद भाग, थोडं खाली आणा. केसांतला आणि काळ्या कोटातला रंगीत दाणा बराच कमी होतो. मोफत आवृत्तीत नॉइज रिडक्शन मिळत नसल्याने ही युक्ती विशेष कामाची.

## ८. क्लिपांची जुळवणी

प्रत्येक प्रसंगातली एक क्लिप मुख्य ठरवा. चेहरा स्वच्छ, पांढरी वस्तू दिसतेय, उजेड स्थिर, असा मध्यम शॉट. पाचवा, सहावा आणि सातवा टप्पा आधी फक्त तिच्यावर पूर्ण करा. मग चित्रावर उजवी क्लिक, ‘ग्रॅब स्टिल’.

पुढची क्लिप निवडा, गॅलरीतल्या स्टिलवर दोनदा क्लिक करा. पडदा उभा दुभागतो: एकीकडे मुख्य, दुसरीकडे चालू क्लिप. परेडमध्येही दोन्ही अर्धे शेजारी दिसतात. जुळवणीचा क्रम ठरलेला आहे:

1. काळं काळ्याशी
2. पांढरं पांढऱ्याशी
3. चेहऱ्याचा उजेड
4. मग रंगछटा
5. शेवटी सॅच्युरेशन

बहुतेक जण रंगछटेपासून सुरुवात करतात. दोन क्लिपांचा काँट्रास्ट वेगळा असेल तर रंग सारखे असूनही वेगळे वाटतात, आणि मग बरोबर असलेला बॅलन्स बिघडवला जातो.

जुळवायचं ते चेहऱ्यावर, साडीवर नाही. पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असला की ती धूपछांव दिसते, बघण्याचा कोन बदलला की रंग बदलतो. दोन कॅमेरे दोन कोनांतून टिपताहेत, तेव्हा एकात पदर मोरपंखी आणि दुसऱ्यात जांभळट दिसणं खरंच आहे. तो फरक काढायला गेलात तर चेहरे बिघडतील.

एकाच कॅमेऱ्याच्या, एकाच जागच्या क्लिपांसाठी लक्ष्य क्लिप निवडून स्रोत क्लिपच्या लघुचित्रावर माउसच्या मधल्या बटणाने क्लिक करा. पूर्ण ग्रेड, म्हणजे त्या क्लिपवरची सगळी रंगदुरुस्ती, येतो. दुसऱ्या कॅमेऱ्याच्या क्लिपवर हे करू नका.

तपासा: लाइटबॉक्स उघडून प्रसंगातल्या सगळ्या क्लिप एकत्र बघा. एखादी वेगळी असेल तर इथे लगेच उठून दिसते. मग तोच प्रसंग आवाज बंद करून सलग चालवा.

## ९. चेहरा आणि निवडक रंग

इथवर सगळं नीट झालं असेल तर निम्म्याहून जास्त क्लिपांना या टप्प्याची गरज नसते.

चेहऱ्यासाठी वर्तुळाकार पॉवर विंडो (चित्राचा ठरावीक भाग निवडणारी आकृती) काढा, कडा भरपूर मऊ ठेवा, कंट्रोल-टी ने पुढे ट्रॅक करा. व्हेक्टरस्कोप बघा: गोरी, गव्हाळ, सावळी, सगळी त्वचा साधारण त्याच रेषेच्या आसपास पडते. फरक असतो तो उजेडात आणि रंगाच्या तीव्रतेत. रेषेच्या दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक आहे; लालीवाला चेहरा लालकडे, पिवळसर वर्ण पिवळ्याकडे. ती रेषा गाठायचं लक्ष्य समजू नका, फक्त खूण समजा.

एकच रंग बदलायचा असेल तर क्वालिफायरच्या आधी ‘ह्यू व्हर्सस ह्यू’ आणि ‘ह्यू व्हर्सस सॅट’ कर्व्ह वापरून बघा. खालच्या सहा रंगांच्या ठिपक्यांवर क्लिक केलं की त्या रंगाचे बिंदू कर्व्हवर येतात. हिरवा चुडा निळसर दिसतोय? हिरव्याचा मधला बिंदू किंचित हलवा. लाल शालूतला तपशील बुजून नुसता लाल गोळा झालाय? ‘ह्यू व्हर्सस सॅट’मध्ये लाल थोडा उतरवा, पण कुंकू आणि ओठही त्याच लालमध्ये येतात हे लक्षात ठेवून.

क्वालिफायर लागलाच तर पिपेटने रंग निवडा, शिफ्ट-एच दाबून निवडलेला भाग एकटा बघा, मग ‘क्लीन ब्लॅक’, ‘क्लीन व्हाइट’ आणि थोडा ब्लर द्या. ४:२:० नोंदणीत रंगाची माहिती चित्राच्या एक चतुर्थांश बिंदूंचीच असते, म्हणून कडा दातेरी येतात. विंडो आणि क्वालिफायर एकत्र वापरले की काम बरंच सावरतं.

इशारा: क्वालिफायरची निवड आधीच्या नोडमधून येणाऱ्या रंगांवर ठरते. निवड झाल्यावर बॅलन्स नोड हलवलात तर निवडही सरकते. हा टप्पा नवव्या क्रमांकावर आहे तो यासाठीच.

तपासा: शॉटच्या पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या फ्रेमवर विंडो चेहऱ्यावरच आहे ना? आडवा जाणारा पाहुणा ट्रॅकिंग हमखास मोडतो.

## १०. लुक

आता एलयूटी लावायची असेल तर लावा. ती पूर्ण फिल्मवर हवी असेल तर टाइमलाइन पातळीवरच्या नोडमध्ये टाकता येते, पण तिथे टाकलेला लुक नावांच्या पाट्यांनाही लागतो आणि पांढरी अक्षरं पिवळी होतात. त्यापेक्षा टायटलच्या ट्रॅकखाली अ‍ॅडजस्टमेंट क्लिप ठेवून तिच्यावर लुक द्या. नोडच्या की पॅलेटमधलं आउटपुट गेन १ वरून ०.४ ते ०.६ वर आणा. एलयूटी पूर्ण ताकदीने क्वचितच शोभते.

एलयूटी कशासाठी बनवली आहे ते बघा. लॉगसाठीची एलयूटी रेक-७०९ क्लिपवर टाकली की सावल्या बुजतात आणि लाल फुटतो. ‘एलयूटी खराब आहे’ या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं.

## ११. एक्स्पोर्ट

डिलिव्हर पेजवर अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये डेटा लेव्हल ऑटो ठेवा. ‘फुल म्हणजे जास्त चांगलं’ या समजुतीने फुल निवडलं तर बहुतेक टीव्ही आणि प्लेअर सावल्या काळ्या करून दाखवतात. कलर स्पेस टॅग आणि गॅमा टॅग ‘सेम अ‍ॅज प्रोजेक्ट’.

मॅकवर एक वेगळी कटकट आहे: तीच फाइल क्विकटाइम प्लेअरमध्ये रिझॉल्व्हपेक्षा फिकट दिसते. त्यासाठी गॅमा टॅग ‘रेक-७०९-ए’ करून एक छोटी चाचणी फाइल काढा. फिकी दिसते म्हणून ग्रेडच गडद करून पाठवला, तर टीव्हीवर सगळं काळंकुट्ट दिसेल.

यूट्यूबसाठी १०८० पी, २५ फ्रेमला ८ मेगाबिट आणि ४के ला ३५ ते ४५ मेगाबिट प्रतिसेकंद ही यूट्यूबची स्वतःची शिफारस आहे. पेनड्राइव्हवर द्यायची फाइल याच्या दुप्पट बिटरेटने काढा, झेंडूच्या पाकळ्या आणि अक्षता कमी बिटरेटमध्ये आधी फुटतात. मोफत आवृत्तीची मर्यादा ३८४० × २१६० आहे, आणि स्टुडिओ आवृत्तीतला एखादा इफेक्ट चुकून लागला असेल तर चित्रावर वॉटरमार्क उमटतो. पूर्ण रेंडरच्या आधी सगळ्या क्लिपांवर एकदा नजर टाका.

शेवटची तपासणी: बाहेर काढलेली फाइल परत प्रोजेक्टमध्ये आणा, टाइमलाइनच्या सर्वांत वरच्या ट्रॅकवर ठेवा, इन्स्पेक्टरमध्ये कंपोझिट मोड ‘डिफरन्स’ करा. अ‍ॅडजस्टमेंट क्लिप खालच्या ट्रॅकवर असेल तर ती या फाइलला लागत नाही. टाइमलाइन नोड वापरला असेल तर तो बंद करून एक छोटी चाचणी फाइल काढा आणि नोड बंद ठेवूनच ती तपासा. पडदा जवळपास पूर्ण काळा दिसला पाहिजे, कम्प्रेशनचे बारीक ठिपके चालतील. चित्राची आकृती स्पष्ट उमटली तर लेव्हल चुकली आहे, डेटा लेव्हल बदलून पुन्हा रेंडर करा. त्यानंतर तीच फाइल एका साध्या फोनवर आणि टीव्हीच्या ‘स्टँडर्ड’ मोडवर बघा. फक्त एकाच पडद्यावर रंग चुकत असतील तर ग्रेडला हात लावू नका. दोन्हींवर चेहरा एकाच बाजूला झुकत असेल तर मुख्य क्लिपांच्या बॅलन्स नोडपाशी परत जा.